काळ्या भांड्यांचं दालन

१

साहेब, मुरारी मारबतेला चोर तुम्ही बनवलं. चोरी कोणी केली ते पुढे येईलच, पण चोर बनवण्याचं काम तुमच्या हातचं. तुम्ही खिशातून फोन काढला, दोन शब्द बोललात, आणि ज्या माणसानं आमच्या पेठेत दारोदार फिरून हात जोडून भांडी गोळा केली, त्याच माणसाला शिपायांनी दंडाला धरून दालनाच्या पायऱ्या उतरवल्या. मागे सनईचं रेकॉर्डिंग वाजतच होतं. ते बंद करायचंही कोणाला सुचलं नाही.

तुमचं नाव मी लिहीत नाही. भीतीनं नाही. नाव लिहिलं की लोक जात काढतात, पक्ष काढतात, आणि काम बाजूला राहतं. मला तुमच्या कामावर बोलायचं आहे.

भाण म्हणजे पितळ, त्यावरून भंडारा, असं आम्हाला शाळेत सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. पण माझ्या लहानपणी आमच्या पेठेत घरोघरी हातोडे वाजायचे आणि दोन घरांपलीकडे बोलायचं तर ओरडावं लागायचं, एवढं मला माहीत आहे. ते हातोडे बंद पडले. मग तुमच्या समितीनं ठरवलं की या शहराच्या इतिहासाचं दालन करायचं, आणि त्यात पेठेतली जुनी पितळी भांडी ठेवायची. कल्पना चांगली होती. आमच्याकडे लग्नात लेकीला भांडी देतात आणि प्रत्येक भांड्यावर ठोकून ठोकून, ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव टाकतात. आंबागडची गोदावरी, तुमसरची उषा. राजे-सरदारांची नावं पुस्तकात असतील. आमच्या बायांची नावं फक्त भांड्यांवर आहेत. दुसरीकडे कुठंच नाहीत.

तुम्ही मागितली असती तर ती भांडी मिळाली नसती, साहेब. मुरारीनं मागितली म्हणून मिळाली. दालनाचा चौकीदार, ढिवराचा पोरगा, बाप वैनगंगेत जाळं टाकायचा, माय मासळी विकायची. प्रत्येक दारात तो एकच वाक्य बोलायचा. "मायचा लोटा देल्लो मी. तुमचं भांडं गेलं तं मले पकडजा." लोकांनी त्याच्या शब्दावर दिलं. माझ्या आजीची परात मीच त्याच्या हातात ठेवली.

उद्‌घाटनाच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, भांडी देणाऱ्या बायांना दालन दाखवलं. दोरीच्या अलीकडून, काचेआडची भांडी. दिवे असे लावले होते की सगळी भांडी काळसर, गंभीर, पुराणातली वाटत होती. उषाबाई बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असं काळं भांडं आमच्या घरी दिसलं असतं तं सासूनं मले माहेरी धाडलं असतं." बाया हसल्या. आम्ही पुरुषही हसलो. समितीतले लिलाधर गुरुजी पण हसले आणि समजावून सांगू लागले की यालाच काळाची छाया म्हणतात, जुन्या वस्तूचं सौंदर्य ते हेच.

रविवारी सकाळी गेटवर कमान उभी होती. कमानीच्या दोन्ही अंगांना सोनेरी कलशांची ओळ, प्रत्येकाला बुडापर्यंत गुंडाळलेलं लाल कापड, आंब्याची पानं, नारळ, झेंडूचा हार. पाहुणे यायच्या आधी एक वावटळ आली आणि कलश धडाधड आडवे झाले, नारळ रस्त्यावर गडगडत गेले. एक कलश मात्र जागचा हलला नाही. कोणीतरी म्हणालं, शुभशकुन आहे. साहेब, तुम्ही त्या कलशाला हात जोडलेत. मी पाहिलं.

मग मुरारी चिंच आणि राखेची वाटी घेऊन आत गेला आणि तसाच बाहेर आला. एका पेटीवरचं मखमली कापड त्यानं काढलं होतं. पेटीचं कुलूप धड होतं. आत असायला हवी ती पेठेतल्या सुशीलाबाईंची घागर नव्हती.

२

मुरारीला संध्याकाळी सोडलं, रोज ठाण्यात हजेरी लावायच्या अटीवर. पण पेठेनं सोडलं नाही. कामिनी, त्याची बायको, नळावर गेली तर बायांनी आपापल्या बादल्या उचलून बाजूला घेतल्या. ज्यांच्या दारात त्यानं हात जोडले होते त्यांनी दारं लावून घेतली. एकानं तर त्याच्याच अंगणात उभं राहून सांगितलं, घागर आण, नाहीतर पेठ सोड.

कामिनी रडत बसली नाही. ती सरळ ज्योत्सनाबाई भुऱ्यांच्या घरी गेली. मी शेजारीच राहतो, मलाही बोलावलं.

ज्योत्सनाबाईंची सगळी नोकरी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत झाली. सुरक्षा विभागात, बायांच्या झडतीला. सुटीचा भोंगा झाला की ह्या गेटवर उभ्या. डबे, पिशव्या, पदर. कोणाच्या चालण्यात आज फरक आहे हे लांबून ओळखायच्या. आता गुडघे दुखतात, जीभ दुखत नाही. कामिनीचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काय गेलं हे पोलीस पाहून राहिले. आपण काय राहिलं ते पाहू."

मुरारी आला तेव्हा त्याला त्यांनी चोरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. भांडी गोळा केल्यापासूनचं सगळं सांगायला लावलं. तो खालमानेनं सांगत होता. घराघरातून आणली तेव्हा भांडी लखलखीत होती, उन्हात डोळे दिपायचे. मग एक दिवस गाडी आली आणि गुरुजींनी सगळी भांडी नागपूरला फोटो काढायला नेली, स्मरणिकेसाठी. बरेच दिवसांनी परत आली ती काळ्या कागदात गुंडाळून. मुरारीनं ती स्वतः मांडली.

"काळी आलती जी," तो म्हणाला. "मले कसंतरी वाटलं. लोकायनं कशी देल्ली अन् मी कशी ठेवून राहिलो. म्हून एका लोट्याले चिंच लावली. तं काळं असं निघालं का हात भरला माझा. तेवढ्यात गुरुजी आले. अंगावर धावले. म्हणे, मुरारी, तू शंभर वर्षांचा इतिहास धुऊन टाकून राहिला."

गुरुजी कधी कोणाच्या अंगावर जात नाहीत. मला नवल वाटलं. ज्योत्सनाबाईंना वाटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी फक्त शनिवारचं विचारलं.

शनिवारी दुपारी समितीचे सचिव चंद्रकुमार गभणे यांनी मुरारीला सांगितलं होतं की कार्यक्रम बदलला आहे. फीत कापायची नाही. सुशीलाबाई आपल्याच घागरीत पाणी भरतील, कमरेवर घेऊन आत येतील आणि तुळशीला घालतील, हेच उद्‌घाटन. तेवढी एक घागर घासून ठेव. मुरारीनं ठरवलं सकाळी घासू. पितळ घासून रात्रभर ठेवलं की डाग पडतात. संध्याकाळी सगळ्या पेट्यांवर कापडं टाकली, नंतर दालनाला कुलूप. त्या संध्याकाळी आत तिघं येऊन गेले. चंद्रकुमार, लिलाधर गुरुजी, आणि जुन्या पितळेचा व्यापारी हिरालाल, जो समारंभासाठी समई भेट द्यायला आला होता. पेट्यांच्या किल्ल्या टेबलावरच पडलेल्या, कारण कापडं टाकणं चालू होतं.

"अन् तू कुठी होता?"

"गेटवर. गुरुजी म्हणे, कमानीचे बांबू धरू लाग, पोट्टे पाडतीन."

ज्योत्सनाबाईंनी सुपारी तोंडात टाकली. "बाई, माणूस अन् मुद्देमाल," त्या कामिनीला म्हणाल्या, "दोन्ही गेटातूनच जाते. मधात तिसरी वाट नाही."

३

हिरालालकडे पोलीस आधीच जाऊन आले होते. पेठेत संशय त्याच्यावर घेणं सोपं. मोडीत पितळ घेतो, नवीन स्टील देतो, आणि अर्ध्या पेठेची भांडी त्याच्याच भट्टीत गेली. गोदामात पितळेचा ढीग, ढिगावर मांजर. ज्योत्सनाबाईंना बघून त्यानं खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"मामी, मी चोर हाय असं समजा," तो म्हणाला. "मंग मी ही घागर कायले नेऊ? घासून घासून कागद झाली ते. बाजूले गुरुजीच्या शकुनबाईचं गंगाळ ठेवलं होतं, दुप्पट वजनाचं. माझा हात गंगाळावर गेला असता का घागरीवर?"

हे मला पटलं आणि म्हणूनच आवडलं नाही. मी विचारलं, रविवारी तीच घागर लागणार होती हे तुम्हाला माहीत नव्हतं कशावरून. कार्यक्रम बदललेला त्याला ठाऊकच नव्हता. रविवारी तो फीत कापायच्या कात्रीसाठी चांदीचं तबक घेऊन आला होता. ते तबक आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याला हसलो होतो.

चंद्रकुमार पतसंस्थेत नोकरी करतो. घाबरट माणूस, शर्टाची वरची गुंडी लावणारा. तो आधी रागावला, मग रडकुंडीला आला. कार्यक्रम बदलायची सूचना त्याचीच होती. शनिवारी सकाळच्या बैठकीत त्यानं ती मांडली. बैठकीत तिघंच होते, तो, गुरुजी आणि तुम्ही. साहेब, तुम्ही हसून छान म्हणालात. चंद्रकुमारच्या लक्षात राहिलं ते असं की छान म्हणताना तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही, गुरुजींकडे पाहिलं.

लिलाधर गुरुजींबद्दल मला थांबून सांगावं लागेल. पेठेतला पहिला शिकलेला पोरगा. त्यांच्या वडिलांचे हात हातोड्यानं वाकडे झाले होते. गुरुजींनी या शहराचा इतिहास लिहिला आहे. प्रकाशक मिळत नव्हता, म्हणून हस्तलिखित वर्षानुवर्षं कपाटात. आमच्या पोरांना फुकट शिकवलं. लग्नपत्रिका लिहून दिल्या. कोर्टाचे कागद वाचून दाखवले. पेठेत कोणी मेलं तर आधी गुरुजींना कळवतात, मग नातेवाइकांना. मी चार ओळी लिहायला शिकलो ते त्यांच्या ओट्यावर बसून. म्हणून ज्योत्सनाबाई त्यांना प्रश्न विचारू लागल्या तेव्हा मलाच लाज वाटली.

गुरुजी शांत होते. म्हणाले, मुरारी चोर नाही हे मी ठाण्यात सांगून आलो. गरीब माणूस आहे, मोहात पडला असेल, पण चोर नाही.

"मोहात पडला अन् चोर नाही, हे कसं जी?" ज्योत्सनाबाईंनी विचारलं.

गुरुजी हसले. चहा घ्या म्हणाले.

परतताना ज्योत्सनाबाई रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. मागून ऑटोवाला हॉर्न देत होता. त्यांना ऐकू येत नव्हतं.

"तू म्हणत होता का वावटळीत कलश पडले."

"हो. सगळे पडले. एक सोडून."

"डेकोरेशनवाल्याचे कलश कायचे असते रे?"

पत्र्याचे, मी म्हणालो. हलके. वरून सोनेरी रंग. आणि बोलता बोलता माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

४

कमान गोलू डेकोरेशनची होती, तुमसरची. आम्ही दुसऱ्या दिवशी बसनं गेलो. गोलूचं गोदाम एका राईस मिलच्या मागे, हवेत कोंडा उडत असतो, खुर्च्यांवर त्याची पिवळी साय चढलेली. गोलू म्हणजे तिशीचा जाडजूड गडी, कानाला फोन आणि दुसऱ्या हातानं पावतीपुस्तक. ज्योत्सनाबाईंनी दालनाचं नाव काढताच आम्हाला समितीची माणसं समजून तो म्हणाला, "बरं झालं आले. तुमची एक घागर माझ्या सामानात आली. टेम्पोवाला म्हणे, हे उचलून माझी कंबर लचकली."

घागर कोपऱ्यात होती. लाल कापड अजून गळ्याशी बांधलेलं, झेंडूचा सुकलेला हार. ज्योत्सनाबाईंनी कापड सोडलं. काळ्या खांद्यावर ठिपक्यांत नाव होतं. सुशीला.

गोलूनं आणखी एक सांगितलं. सोमवारी समितीतून फोन आला होता की आमची एक घागर चुकून आली आहे, माणूस पाठवून घेऊन जाऊ, कोणाला देऊ नका. नाव सांगितलं नाही. त्यानं नंबर दाखवला. दालनाचा फोन. कोणीही उचलून लावावा असा, दारापाशी ठेवलेला.

चोरी कशी झाली ते तिथल्या तिथं उलगडलं. शनिवारी संध्याकाळी दालनासमोरून कलश, नारळ, हार घेऊन माणसं ये-जा करत होती. त्यातच एक माणूस घागरीला लाल कापड बांधून, वर नारळ ठेवून, गेटापर्यंत चालत गेला आणि ओळीत ठेवून आला. मुरारी तिथंच बांबू धरून उभा होता. कदाचित त्यानं बाजूला सरकून वाट दिली असेल.

बसमध्ये मी घागर मांडीवर घेतली होती. मला इतका आनंद झाला होता की कंडक्टरलाही सांगावंसं वाटलं. मुरारी सुटला. पेठेत जाऊन आधी नळावर उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं, असं मी ठरवत होतो.

सुशीलाबाई ओसरीत बसल्या होत्या. गुडघ्यामुळे शुक्रवारी त्या दालन बघायला येऊ शकल्या नव्हत्या. मी घागर पुढ्यात ठेवली. त्यांनी नावावर बोट फिरवलं. मग घागर उपडी केली. बुडावर हात ठेवला आणि थांबल्या. पुन्हा सरळ करून आत कोपरापर्यंत हात घातला आणि गोल फिरवला.

"हे माही नोहे," त्या म्हणाल्या.

५

नाव तुमचं आहे ना, मी म्हणालो. नाव कोणीही टाकते, त्या म्हणाल्या. त्यांच्या घागरीच्या बुडाला सासऱ्यांनी घातलेलं ठिगळ होतं, पिंपळाच्या पानाएवढं. सासरे स्वतः कासार. आणि आतून हातोड्याच्या खुणा लागायच्या, तळहाताला ओळखीच्या झालेल्या. ही आतून काचेसारखी गुळगुळीत. साच्यातून काढलेली.

मी ज्योत्सनाबाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या गोंधळतील. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र रग चढत होती. फॅक्टरीच्या गेटवर एखादी बाई खोटं बोलताना सापडली की चढत असेल तशी.

त्या संध्याकाळी ज्योत्सनाबाईंच्या ओसरीत त्यांच्यापुढे आम्ही पाचजण होतो. मुरारी, कामिनी, सुशीलाबाई, उषाबाई आणि मी. ज्योत्सनाबाईंनी एकेक धागा काढला. मी तो माझ्या शब्दांत देतो, कारण त्यांच्या बोलण्यात मधेमधे शिव्या होत्या.

शनिवारी चोरीला गेली ती नकली घागर. म्हणजे पेटीत नकलीच होती. म्हणजे खरी आधीच गेली होती. मग नकली चोरायची कशाला? कारण रविवारी ती सुशीलाबाईंच्या हातात जाणार होती. काचेआडून कोणाला कळलं नसतं. बुडाला हात लागला असता तर कळलं असतं. भांड्यांचे फोटो समोरून काढले होते, बुडाचे नाही. फोटोवरून नाव काढता येतं, ठिगळ काढता येत नाही. आणि खरी घागर एवढी लांब गेली होती की एका दिवसात परत आणून ठेवता येत नव्हती.

म्हणून चोर असा पाहिजे ज्याला शनिवारीच बदललेला कार्यक्रम माहीत होता. हिरालाल बाद, तो तबक घेऊन आला. शिवाय तो पितळेतला माणूस, नकलेला असं रूप त्यानं दिलंच नसतं, ते पुढे. चंद्रकुमार बाद, कारण सुशीलाबाईंच्या हाती घागर द्यायची ही कल्पनाच त्याची. स्वतःचा फास कोणी स्वतः विणत नाही. मुरारीला नक्कल माहीत असती तर त्यानं लोट्याला चिंच लावलीच नसती.

आणि इथं ज्योत्सनाबाई उषाबाईंकडे वळल्या. "तू शुक्रवारी हसली तवा आमी का समजलो नाही व?"

उषाबाईंचा हात तोंडावर गेला.

आपल्या घरात जुनं भांडं म्हणजे सगळ्यात चमकणारं भांडं. रोज चिंच, रोज राख, सासूची नजर. जितकं जुनं तितकं पातळ आणि तितकं लख्ख. जुनं म्हणजे काळं, हे बाजारात जुन्या वस्तू विकणाऱ्यांचं गणित. ज्यानं नकला बनवून घेतल्या त्यानं त्या जुन्या दिसाव्यात म्हणून काळ्या करून घेतल्या. आणि काळी एक घागर नव्हती. मुरारीच्या हाताला रंग लागला तो लोट्याचा. शुक्रवारी सगळं दालन काळं होतं.

कामिनीनं भिंतीवरच्या बल्बकडे पाहिलं. मुरारीला सगळ्यात उशिरा कळलं, किंवा त्यालाच सगळ्यात आधी कळलं आणि मानायला वेळ लागला.

"म्हणजे मायचा लोटा," तो म्हणाला, आणि चिंच लावलेला तो हात उलटून बघू लागला.

एक चोरी आम्ही शोधत होतो, साहेब. ती अख्ख्या पेठेच्या चोरीवर टाकलेलं कापड होती. आता ज्या पुरुषानं आयुष्यात एकदाही भांडं घासलं नाही, ज्यानं भांडी नागपूरला नेली, मुरारीला चिंच लावू दिली नाही आणि शनिवारी त्याला गेटवर पाठवलं, असा माणूस उरला होता. नाव घ्यायला कोणी तयार नव्हतं. मीही नव्हतो.

६

गुरुजींच्या ओट्यावर आम्ही गेलो तेव्हा ते पोरांना शिकवत होते. पोरांना त्यांनी लवकर सोडलं.

ज्योत्सनाबाईंनी सगळं मांडलं. आवाज चढवला नाही. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, निबंध ऐकावा तसे. संपल्यावर म्हणाले की तर्क सुंदर आहे, पण तर्कच आहे. भांडी काळी पडतात, हवेनं पडतात. फोटोसाठी नेली तशी परत आणली. आणि समजा बदलली असतील, तर नागपुरात कोणीतरी बदलली असतील. मी शाळामास्तर, मला पितळेतलं काय कळतं?

दारातून आवाज आला. "काहीच नाही कळत."

शकुनबाई, गुरुजींची बायको, चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

"मले इचारलं असतं तं सांगतलं असतं," ती म्हणाली. "भांडं काळं करू नका, बाया ओळखतीन. चाळीस वर्षं तुमच्यासमोर घासून राहिली मी. तुमी पेपर वाचत होते."

गुरुजींनी डोळे उघडले.

"माहं गंगाळ?" तिनं विचारलं. "माह्या बापानं देल्लं ते? ते तरी हाय का तेथी?"

मी वाट पाहिली की ते काहीतरी म्हणतील. खोटं का होईना. माझ्या मनात मी त्यांच्या बाजूनं शब्दही शोधत होतो, ही माझी अवस्था. गुरुजींनी मान खाली घातली आणि धोतराच्या काठावरचा खडूचा डाग नखानं खरवडू लागले.

शकुनबाईनं ट्रे जमिनीवर ठेवला आणि आत निघून गेली.

मग गुरुजी बोलले. तुटक. पुस्तक छापून येणार होतं, शासनाच्या खर्चानं, शहराचा अधिकृत इतिहास म्हणून. दालनाच्या दारावर संपादक म्हणून नाव. तुम्हीच शब्द दिला होता, साहेब. बदल्यात भांडी तुमच्या त्या नव्या घरी, जिथं मोठी माणसं जेवायला येतात आणि भिंतीवर आमच्या बायांची नावं बघून वाहवा करतात. गाडी तुमचीच होती. मुरारीनं त्या गाडीत भांडी स्वतः चढवली, एकेक, फडक्यात गुंडाळून, लागू नये म्हणून.

"तुमच्या घरात काय किंमत होती त्यांची?" गुरुजी मला म्हणाले. त्यांना राग आला होता, आणि तो खरा होता. "पलंगाखाली पडली होती. हिरालाल वितळवणारच होता. निदान कोणीतरी जपेल. पुस्तकात प्रत्येक नाव आहे. प्रत्येक बाईचं."

ज्योत्सनाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ घेत. "मुरारीचं नाव कोणत्या पानावर हाय, गुरुजी?"

७

आम्ही ठाण्यात गेलो, सगळं सांगितलं. तोवर गुरुजींनी शब्द फिरवला होता. घरात काय बोललो ते दुःखाच्या भरात, असं त्यांचं म्हणणं. मग तुमच्याकडून पत्रक निघालं, साहेब. हरवलेली घागर तुमसर येथे मिळून आली, दालनातील सर्व वस्तू संख्येनं पूर्ण आहेत, प्रकरण संपले. संख्येनं पूर्ण. शब्द नेमका निवडलात.

घागर मिळाली म्हणजे चोरी झाली होती, आणि चोर म्हणून कागदावर अजून मुरारीच आहे. नकली घागर सुशीलाबाईंना परत द्यायला माणूस आला होता. त्यांनी ती अंगणात ठेवू दिली नाही.

पेठ आता मुरारीशी बोलते. कामिनीला नळावर आधी पाणी भरू देतात, तेही जास्तच आग्रहानं. पण तो कोणाच्या दारात उभा राहत नाही. म्हणतो, ज्या दारातून मी भांडं नेलं त्या दारात भांड्याशिवाय कसा जाऊ. रोज ठाण्यात हजेरी लावतो आणि नदीवर जाऊन बसतो. त्याच्या मायच्या लोट्याचा काठ एका जागी चेपलेला होता; फोटोत दिसला म्हणून नकलेतही तसाच उतरवलेला. ती मासळीची टोपली उतरवायची तेव्हा लोटा नेहमी त्याच दगडावर आपटायचा. तो दगड अजून घाटावर आहे.

परवा बाया दालनावर गेल्या. पुढे शकुनबाई होती. ती त्या दिवसापासून भावाकडे राहते. मागे सुशीलाबाई, एका हातात काठी. उषाबाई, कामिनी, आंबागडहून आलेली गोदावरीबाईची सून, अख्खी पेठ. हातात मोर्चाचे फलक नव्हते. प्रत्येकीच्या पदरात चिंचेचा गोळा आणि राखेची पुडी. मागणी एवढीच, की आम्हाला आमची भांडी एकदा घासू द्या. तिथंच घासतो, तिथंच ठेवतो, घरी नेत नाही.

दाराला कुलूप होतं. वर कागद चिकटवलेला, दुरुस्तीसाठी बंद. नवीन दालन, साहेब. हार अजून सुकलेले लटकत होते.

बाया संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर बसल्या. चिंच हातात भिजून मऊ झाली. कोणी आलं नाही. चौकीदार बदलला आहे, तो बिचारा आतून खिडकीतून बघत होता.

तुमच्याकडे शिपाई आहेत, गाडी आहे, पत्रक काढायला माणसं आहेत. आमच्या बायांकडे चिंच आहे. भांडी खरी असतील तर घासल्यावर लख्ख होतील, आणि मी पेठेच्या चौकात उभा राहून तुमची माफी मागेन. तुम्ही कुलूप का काढत नाही? मुरारीच्या मायचा लोटा आज कोणाच्या भिंतीवर आहे? गुरुजींना विचारून झालं, पोलिसांना विचारून झालं. आता तुम्ही सांगा, साहेब. चिंचेच्या एका गोळ्याले तुमी कायले भेऊन राहिले?